पाण्याचा पंप, दुधाचा पंप

प्रवासात ऐकत असाल तर उत्तमच, कारण आजची गोष्ट रेल्वे लाइनवरचीच आहे. पुण्याहून मिरजेकडे निघालात की सातारा, कराड मागे पडतं. मग किर्लोस्करवाडी येते आणि थोडं पुढे भिलवडी. एक गाव पंपांचं, दुसरं दुधाचं. स्टेशनं जवळजवळची, पण पाण्याच्या पंपापासून दुधाच्या पंपापर्यंतचं अंतर मात्र बरंच मोठं आहे.

आधी पाणी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला. पुढे तिथली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, आणि त्यांनी दिलेलं कुंडलजवळचं माळरान सांगली जिल्ह्यात. तिथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९२६ मध्ये त्याच कंपनीने सेंट्रिफ्युगल पंप बनवला, भारतातला पहिला. आत एक पंखा गरगर फिरतो, पाणी बाहेरच्या बाजूला फेकतो, आणि विहिरीतलं पाणी शेतात येतं. या पंपाला आपण एकच प्रश्न विचारतो: किती पाणी ओढतोस?

आता दूध. १९३९ मध्ये भास्कर गणेश चितळे यांनी भिलवडीत डेअरी सुरू केली. दूध हजारो लिटरमध्ये गेलं की ते हाताने ओतता येत नाही, पंप लागतोच. मग पाण्याचाच पंप का नाही लावायचा?

उत्तर आजीच्या स्वयंपाकघरात आहे. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं. डेअरीवाल्यांचीही तीच अडचण होती. दुधात तांबं उतरलं की त्यातल्या स्निग्धांशाला खवट वास येतो. म्हणून जगभर सुरुवातीच्या डेअऱ्यांत तांब्या-पितळेच्या पाइपांना आतून कथलाचा मुलामा असायचा, म्हणजे आपली कल्हईच. १९१३ मध्ये शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली यांनी स्टेनलेस स्टील बनवलं, आणि पुढे हळूहळू कल्हईची गरज संपली.

पण नुसता धातू बदलून भागत नाही. बीड लोखंडाच्या पंपात आतून खडबडीतपणा असतो, कोपरे असतात. पाण्याला चालतं. दूध मात्र त्या कोपऱ्यात बसतं, आणि बसलं की नासतं. म्हणून सॅनिटरी पंपाचा आतला भाग आरशासारखा घासलेला असतो, त्याचा खडबडीतपणा साधारण ०.८ मायक्रॉनच्या आत. बोल्टांऐवजी हाताने उघडणारे क्लॅम्प असतात. पंप न उघडता धुण्याचीही सोय असते: आधी पाणी, मग गरम कॉस्टिक, पुन्हा पाणी, मग सौम्य आम्ल, शेवटी परत पाणी.

आणखी एक गंमत. म्हशीच्या दुधात फॅट जास्त, त्याचे कणही मोठे. पंप फार जोरात घुसळायला लागला तर ते कण फुटतात. आणि पाचगणीकडच्या स्ट्रॉबेरीचा जॅम? त्यात फळाचे तुकडे अख्खे राहायला हवेत. तिथे पंख्याऐवजी दोन पाकळ्या एकमेकींना न शिवता सावकाश फिरतात आणि माल पुढे ढकलतात. हा लोब पंप.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. पाश्चरायझेशनला दूध ७२ अंशांवर १५ सेकंद राहावं लागतं. हे १५ सेकंद घड्याळ मोजत नाही. पाइपची लांबी आणि पंपाचा वेग मिळून ते ठरतात. पंप जास्त पळाला तर थर्मामीटर ७२ दाखवेल, पण दुधाला तेवढा वेळ मिळालेलाच नसेल.

हे मला कधी कळलं ते सांगतो. ऑटोमेशनच्या कामासाठी मी एका डेअरीत गेलो होतो. पाश्चराइझ केलेलं दूध दोन दिवस लवकर नासत होतं. माझ्या स्क्रीनवर मात्र सगळं हिरवं: तापमान बरोबर, वेग बरोबर, धुलाई पूर्ण. मी म्हटलं, सिस्टीम ओके आहे. तिथले फिटर काका काही बोलले नाहीत. त्यांनी क्लॅम्प सोडला, पंखा बाहेर काढला. मागे सीलजवळ पिवळा, चिकट थर होता. कुणीतरी घाईत पाण्याच्या पंपाची रबर रिंग बसवली होती. ती चिरली होती, आणि त्या चिरेत रोज थोडं दूध अडकत होतं. तिथून ते पुढच्या हजारो लिटरला लागत होतं.

काका म्हणाले, "साहेब, पाण्याचा पंप किती ओढतो ते बघायचं. दुधाचा पंप उघडून बघायचा."

त्या दुधात पहाटे चारला उठून धार काढणाऱ्याचे पैसे होते, आणि ते कुणाच्या तरी बाळाच्या वाटीत जाणार होतं. तेव्हापासून माझ्या चेकलिस्टमध्ये एक ओळ वाढली आहे: आज पंप कुणी उघडून बघितला? तिथे सेन्सर चालत नाही, माणसाची सही लागते.

तुमच्या गावात डेअरी असेल तर एकदा आत जाऊन बघा, आणि काय दिसलं ते मला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!