राजसत्ता, समाज आणि देवाचे दार

मंदिर राजाच्या खजिन्यावर उभे राहते की लोकांच्या श्रद्धेवर, हा प्रश्न जुनाच आहे. जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी पंढरपूरच्या इतिहासाकडे पाहिले असता त्याचे उत्तर मिळते.

भीमेच्या तीरावरील या क्षेत्राकडे राजसत्तेचे लक्ष फार पूर्वीच गेले होते. इ.स. १२३७ च्या शिलालेखात होयसळ राजा सोमेश्वर याने देवाच्या पूजेअर्चेसाठी गाव दान दिल्याचा उल्लेख आहे. राजे दाने देत ती केवळ भक्तीपोटी नव्हेत. देवस्थानाचा सांभाळ करणारा राजा रयतेला आपला वाटे आणि त्याची सत्ता दृढ होई. म्हणूनच राज्ये बदलली तरी देवस्थानांची इनामे नव्या सनदांनी पुष्कळदा पुढे चालत. त्यातही पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांसारखी माणसे निराळीच. आपल्या राज्याच्या सीमेबाहेर, काशीपासून सोमनाथापर्यंत, त्यांनी मंदिरे व घाट बांधविले आणि त्यासाठी खासगीतील पैसा वेचला.

तथापि पंढरीस आणखी एक शिळा आहे. चौऱ्यांशीचा शिलालेख म्हणून ती ओळखली जाते. रामदेवराव यादवाच्या काळातील, इ.स. १२७३ ते १२७७ या वर्षांतील देणग्यांच्या नोंदी तीवर आहेत. त्यात राजाच्या नावाबरोबर अनेक भक्तांचीही नावे कोरलेली आहेत. यादवांचे राज्य पुढे लयास गेले, पण वारी थांबली नाही. राजाश्रय संपल्यावर देवस्थान तगते ते अशा अनेक हातांच्या बळावर.

परंतु समाजाची ही बाजू जितकी उजळ, तितकीच दुसरी बाजू दुःखद आहे. महाद्वारासमोर संत चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळून चोखोबा गेले आणि नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या, असे परंपरा सांगते. ज्याच्या अभंगांनी भक्तांचे डोळे पाणावले, त्यास जिवंतपणी देवाच्या पायांवर डोके ठेवता आले नाही. ही बंदी कोणा परकीय सत्तेने घातलेली नव्हती. ती आपल्याच समाजाची होती, आणि चोखोबांनंतरही ती सहाशे वर्षे टिकली.

ती मोडण्यासाठी माणसांना झिजावे लागले. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड व हजारो सत्याग्रहींनी तो काही वर्षे चालविला, मार सोसला, तरी दार उघडले नाही. पुढे साने गुरुजींनी विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरास प्राणांतिक उपोषण आरंभिले. तनपुरे महाराजांच्या मठाने त्यांना आसरा दिला. १० मे रोजी मंदिर खुले करण्याचे मान्य झाले व उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई सरकारने मंदिर प्रवेशाचा कायदा केला, आणि २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यताच नष्ट केली.

यावरून एक गोष्ट ध्यानी येते. राजा जमीन देऊ शकतो, सरकार कायदा करू शकते, विश्वस्त हिशेब चोख ठेवू शकतात. परंतु शेजारचा माणूस दर्शनाला आला असता त्याला मानाने पुढे घेणे, पंगतीत आपल्या शेजारी बसविणे, हे मात्र गावालाच करावे लागते. ते काम सनदेने होत नाही आणि कायद्यानेही पुरते होत नाही.

देणगीदारांची नावे शिळेवर कोरण्याची प्रथा सातशे वर्षांहून जुनी आहे, आणि ती योग्यच आहे. मात्र कोरलेली अक्षरे वाचायला गावातील प्रत्येक माणूस निःसंकोचपणे आत येऊ शकला, तरच दान देणाऱ्यांचे दान आणि घाम गाळणाऱ्यांचे श्रम देवाला पोहोचले असे म्हणता येईल.

॥ शुभं भवतु ॥