दिवस मावळल्यावर पीएम आणि अंत्यसंस्कार : नियम काय आहे?

गावात दुपारनंतर कुणी वारलं की घरच्यांपुढे पहिला प्रश्न येतो वेळेचा. अनेक हिंदू कुटुंबांत दिवस मावळल्यावर अग्नी देत नाहीत. मुस्लिम समाजात दफन होईल तितक्या लवकर करतात. केंद्राच्या कायद्याने अंत्यसंस्काराचा तास ठरवून दिलेला नाही. मृत्यू नैसर्गिक असेल, तर वेळ घरचे आणि त्यांची रीत ठरवते.

रीत कुठे थांबते?

अपघात, सर्पदंश, विजेचा शॉक, विहिरीत बुडणे, आत्महत्या अशा मृत्यूंची खबर पोलिसांना द्यावी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 नुसार (1 जुलै 2024 पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 174) पोलीस पंचनामा करतात आणि गरजेनुसार मृतदेह शवविच्छेदनाला, म्हणजे पीएमला पाठवतात. लग्नानंतर सात वर्षांच्या आत विवाहितेने आत्महत्या केली किंवा तिचा मृत्यू संशयास्पद असला, तर दंडाधिकाऱ्यांची चौकशीही होते. हे उरकेपर्यंत अंत्यविधी थांबतो, मग धर्म कुठलाही असो.

रात्री पीएम होतं का?

पूर्वी सूर्यास्तानंतर पीएम करत नसत. संध्याकाळी आणलेला मृतदेह सकाळपर्यंत शवागारात राही आणि नातेवाईक बाहेर बसून रात्र काढत. 15 नोव्हेंबर 2021 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ही पद्धत बदलली. अवयवदानाला चालना मिळावी आणि नातेवाइकांची परवड थांबावी, हा त्यामागचा हेतू.

- पुरेसा उजेड आणि सोयी असलेल्या रुग्णालयात रात्री पीएम करता येतं. सोय पुरेशी आहे का, हे रुग्णालयाचे प्रमुख ठरवतात.
- रात्रीच्या प्रत्येक पीएमचं व्हिडिओ चित्रीकरण बंधनकारक आहे.
- खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला मृतदेह किंवा घातपाताचा संशय असेल तर रात्री पीएम होत नाही. कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न उभा राहिला तरच अपवाद.

म्हणजे रस्ता अपघातात घातपाताचा संशय नसेल, तर रात्री पीएम करण्याची विनंती घरच्यांना करता येते. सोय नसेल तर मात्र सकाळची वाट पाहावी लागते.

घाई महागात पडते

'दिवस मावळायच्या आत उरकून टाकू' म्हणून सर्पदंशाने किंवा शॉकने गेलेल्या माणसाला पीएमविना अग्नी दिला, तर पुढे कागद अडतात. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकरी कुटुंबाला अपघाती मृत्यूनंतर 2 लाख रुपये मिळतात. त्या प्रस्तावाला पोलिसांचे आणि पीएमचे कागद लागतात. एक रात्र थांबल्याने रीत मोडत नाही. दहन झाल्यावर पीएम मात्र होत नाही.

मृत्यू कसाही झालेला असो, 21 दिवसांच्या आत त्याची नोंद करून घ्यावी. घरी मृत्यू झाला असेल, तर ही नोंद ग्रामपंचायतीत होते.