विटाळ, कापड आणि ऊन

आजचा विषय चारचौघांत न बोलण्याचा. 'कावळा शिवला', 'दूर बसली', 'बाहेरची झाली' अशी मासिक पाळीला मराठीत नावे पुष्कळ. पण उघड नाव घ्यायची चोरी. म्हणूनच तिचा इतिहास थोडा सांगावासा वाटतो.

आपल्याकडे म्हणतात, पाळीतल्या बाईचा हात लागला की लोणचे नासते, पापड लाल पडतात, तुळस करपते. तुम्हाला वाटेल, हे आपलेच खूळ. तसे नाही हो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमच्या प्लिनीने लिहून ठेवले, की अशा बाईमुळे नवी द्राक्षदारू आंबते आणि पीक वाया जाते. अगदी १९२० मध्येही व्हिएन्नाच्या बेला शिक या नामांकित डॉक्टराने, पाळीतल्या मोलकरणीच्या हातात फुले कोमेजली म्हणून, तिच्या अंगात विष असावे असे मांडले! पुढे ते टिकले नाही. खरे कारण साधे आहे. गर्भासाठी दर महिन्याला गर्भाशयात अस्तर तयार होते. गर्भ राहिला नाही की ते रक्तासह बाहेर पडते. झालं, एवढंच. ज्यातून माणूस घडतो त्याला विटाळ कसे म्हणायचे, हा प्रश्न चोखोबांच्या सोयराबाईंनी चौदाव्या शतकातच अभंगातून विचारला होता.

आता साधनांकडे वळू. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी जुन्या लुगड्याच्या धडप्याची घडी वापरली. सुती कापड स्वच्छ धुऊन उन्हात वाळवले तर त्यात वाईट काही नाही. पण कुणी पाहील म्हणून ते अंधाऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली दडपायचे. ते ओलसरच राहते आणि त्रास होतो. दोष कापडाचा नाही, लाजेचा आहे.

बाजारात खपलेली घडी आली ती लढाईतून. पहिल्या महायुद्धात जखमांसाठी लाकडाच्या लगद्याचा, कापसाहून अधिक शोषणारा पदार्थ वापरीत. फ्रान्समधल्या परिचारिकांनी तोच पाळीसाठी वापरला. युद्ध संपले, मग किंबर्ली-क्लार्क या अमेरिकन कंपनीने १९२० मध्ये 'कोटेक्स' नावाने त्याच्या घड्या विकायला काढल्या. पण दुकानदाराकडे मागणार कशा? शेवटी दुकानात एक पेटी ठेवली. बाईने मुकाट्याने पैसे टाकायचे आणि पुडा उचलायचा. आपल्याकडे दुकानदार तो पुडा कागदात गुंडाळून देतो, त्यातलाच हा प्रकार.

भारतात अडचण किमतीचीही होती. कोइमतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम यांनी पत्नीला चिंध्या वापरताना पाहिले आणि खटपट करून स्वस्त, लहान यंत्र बनवले. गावोगावच्या बचतगटांतल्या बायका त्यावर पॅड तयार करू लागल्या. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१७ मध्ये पॅडवर १२ टक्के जीएसटी बसला. ओरड झाली आणि जुलै २०१८ मध्ये तो उठला.

पण नुसते पॅड मिळून भागत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची सरकारी समितीने चौकशी केली. फडात ना पाणी, ना आडोसा. आणि एक खाडा झाला की पैसे कापले जाणार. पाळीच्या दिवसांतही पोटासाठी कोयता खाली ठेवता येत नाही, अशा बाईला घडी पुरवून काय होणार? तिला पाणी हवे, विसावा हवा.

गुरुजी, बाई, एक विनंती. पुस्तकातले हे प्रकरण 'घरी वाचा' म्हणून ओलांडू नका. मुलामुलींना एकत्र बसवून शिकवा. शाळेच्या संडासात पाणी आहे ना, दाराला कडी आहे ना, हे पाहा. आणि घरच्या पुरुषांनो, अंगणातल्या दोरीवर ते धुतलेले कापड दिसले तर तोंड फिरवू नका. त्याला ऊन लागू द्या.