खिळ्यापासून टॅगपर्यंत

मंडळी, दिवाळी अंकात संगणकावरचा लेख दिसला की थेट पाककृतींच्या पानावर उडी मारणारे वाचक मला चांगले ठाऊक आहेत. त्यातले दोन तर आमच्याच घरात आहेत. त्यांनी यंदा जरा थांबावं अशी विनंती. विषय वेबपेजचा आहे खरा, पण गोष्ट सुरू होते ती एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत, शाईने काळ्या झालेल्या हातांपासून.

आधी माझ्या धंद्याबद्दल दोन शब्द. गेली वीसेक वर्षं मी फरवानियात राहतो आणि वेबपेजची दर्शनी बाजू बांधतो, म्हणजे तुम्हाला पडद्यावर जे दिसतं, जिथे तुम्ही बोट दाबता, ते. इथल्या दुकानांची, कार्गोवाल्यांची, दवाखान्यांची कामं. या कामात एक चौकट सारखी लागते : रक्कम भरायची. आता कुवेतच्या दिनारचे फिल्स हजार, म्हणून दशांशचिन्हापुढे तीन आकडे लागतात. बाजारात तयार मिळणारी चौकट बहुतेक वेळा डॉलर-रुपयाच्या हिशोबाने दोनच आकडे घेते. तीच गत तारखेच्या चौकटीची. इथली साप्ताहिक सुट्टी गुरुवार-शुक्रवार होती, ती 1 सप्टेंबर 2007 पासून शुक्रवार-शनिवार झाली. त्या काळी आम्ही सगळेच अशी चौकट एकदा लिहायचो आणि प्रत्येक पानावर तिची नक्कल डकवायचो. सुट्टी बदलली तेव्हा शंभर पानांवरच्या शंभर नकला शोधून शोधून दुरुस्त कराव्या लागल्या. एक चौकट एकदाच घडवावी, तिला नाव द्यावं आणि हवी तिथे नुसतं नाव लिहून ती उभी राहावी, एवढीच आमची इच्छा होती.

ही इच्छा काही नवी नाही. गणपत कृष्णाजींनी 1831 साली मुंबईत मराठी पंचांग छापलं ते शिळाछापावर. शिळाछाप म्हणजे पान हाताने लिहून दगडावर उतरवायचं, छापायचं, मग दगड घासून साफ करायचा. दगड पुन्हा वापरता येतो, लिहिलेलं मात्र गेलं. पुढच्या पानावर तोच ‘क’ पुन्हा लिहायचा. आमच्या नकला डकवण्याची ही खापरपणजीच म्हणायची. गणपत कृष्णाजींना ते पुरेना, म्हणून त्यांनी पुढे स्वतः देवनागरी खिळे घडवायला घेतले.

खिळ्याची खरी गंमत त्याच्या साच्यात आहे. पोलादी दांड्याच्या टोकाला अक्षर उलटं कोरायचं, हा झाला पंच. तो तांब्यावर ठोकला की मातृका तयार होते. मातृकेत शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतला की खिळा. एका पंचातून हजारो खिळे, सगळे सारखे. छापून झालं की जुळारी ते सुटे करून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकणार, उद्या दुसऱ्या पुस्तकाला तेच. जावजी दादाजी चौधरी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायच्या कामाला होते. त्यांनी 1864 साली स्वतःची टाईप फाउंड्री काढली आणि 1869 साली निर्णयसागर छापखाना. पंच कोरायला राणोजी रावजी आरू यांच्यासारखा कसबी माणूस सोबत होता. निर्णयसागरचे खिळे नुसते स्वतःच्या छपाईपुरते राहिले नाहीत, इतर छापखान्यांनाही विकले गेले. इथे माझ्यासारख्याचे कान टवकारतात. आपण घडवलेला भाग ज्याला आपण कधी भेटणारही नाही अशा माणसाच्या पानात जाऊन बसायचा, तर खिळ्याची उंची, बैठक आणि शिरोरेषेची पातळी आधीपासून ठरलेली हवी. दोन फाउंड्यांचे खिळे एका ओळीत घातले आणि शिरोरेषाच जुळली नाही, तर अक्षर कितीही सुंदर असून काय उपयोग?

त्यात आपली लिपी म्हणजे सुट्या भागांचं भांडारच. काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरं धरली की खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाते. रोमन लिपीवाल्याचं मोठी-लहान अक्षरं, अंक, चिन्हं धरून दीड-दोनशेत भागतं. म्हणून ही संख्या कमी करायचा ध्यास आपल्याकडच्या मोठमोठ्या माणसांना लागला. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’च्या छपाईसाठी हा खटाटोप केला. सावरकरांनी तर ‘अ’ची बाराखडीच सुचवली : इ, उ, ए यांना वेगळी अक्षरं कशाला, ‘अ’लाच वेलांटी, उकार, मात्रा लावा. ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती काही काळ वापरलीही. वाचताना डोळ्यांना खुपते हे कबूल, आणि लोकांनी ती स्वीकारली नाही यात मला नवल वाटत नाही. पण कारागिराच्या नजरेने पाहिलं तर युक्ती अस्सल आहे. टाईपरायटर आला तेव्हा त्यातली निम्मी युक्ती चालून गेली. कळा थोड्या, म्हणून श, ण, भ अशी अक्षरं अर्ध्या तुकड्याला काना जोडून काढायची. मात्रेची कळ दाबली की गाडी पुढे सरकत नसे, म्हणजे मात्रा नेमकी अक्षराच्या डोक्यावर बसे.

आणि मग संगणक आला. इथे आपल्या गोष्टीने वाईट वळण घेतलं.

संगणकावर मराठी दिसावं म्हणून नव्वदच्या दशकात पुष्कळ मंडळींनी फॉन्ट केले आणि बरेचसे मेहनतीने केले. पण टाईपरायटरच्याच धर्तीवर तुकडे करून प्रत्येकाने ते आपल्याला सोयीच्या क्रमांकावर ठेवले. एकाकडे ज्या क्रमांकावर काना, दुसऱ्याकडे त्याच क्रमांकावर अर्धा ‘त’. फाउंड्यांची शिरोरेषा जुळत नव्हती तेव्हा निदान वाचता तरी यायचं. इथे फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. त्या वेळी मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर आधी ‘फॉन्ट उतरवून घ्या’ ही पाटी भेटायची, बातमी नंतर, हे बऱ्याच जणांना आठवत असेल.

याची झळ आपल्याला घरात बसली आहे. आपल्या मंडळाच्या जुन्या अंकांच्या फाइली मला मागच्या वर्षी मिळाल्या. कथा, कविता, इथे आल्यावर पहिला गणपती कसा बसवला याच्या आठवणी, आणि 2 ऑगस्ट 1990 नंतर कोण कोणत्या रस्त्याने बाहेर पडलं, ते ज्याचं त्याने लिहिलेलं. त्यातले काही लेखक आता नाहीत. फाइल उघडते, मजकूर तिथे असतो, पण तो मराठी उरलेला नाही. छापील प्रत कुणाच्या माळ्यावर असेल तर असेल.

तोडगा त्याच काळात एकीकडे तयार होत होता, फक्त आपल्यापर्यंत पोचायला त्याने वेळ घेतला. भारतीय लिप्यांसाठी इस्की हा संकेत 1988 साली आला, 1991 साली भारतीय मानक झाला. त्याच 1991 साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिने देवनागरीचा क्रम 1988च्या इस्कीवरूनच घेतला. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक, जगभर तोच. तुकडे कसे जोडायचे ते फॉन्टने आणि संगणकाने आपसात पाहून घ्यावं, मजकुरात त्याची लुडबुड नको. विंडोज 2000 बरोबर ‘मंगल’ हा फॉन्ट आला. तो केला आपल्या र. कृ. जोशींनी. सरकारी अर्जापासून लग्नपत्रिकेपर्यंत तो सगळीकडे दिसतो, पण करणाऱ्याचं नाव फारसं कुणाला माहीत नाही.

वेबपेजच्या जगात अगदी असाच गोंधळ दुसऱ्या मजल्यावर चालू होता. पान ज्या खुणांनी बांधतात त्यांना टॅग म्हणतात : हा परिच्छेद, हे चित्र, ही चौकट. हे टॅग ठरवायचे कुणी? ब्राउझरवाल्या कंपन्यांनी. नेटस्केपने अक्षरं लुकलुकवणारा टॅग काढला, मायक्रोसॉफ्टने अक्षरं सरकवणारा. आम्हा गरिबांना हवा असलेला दिनारचा टॅग कोण काढणार? मायक्रोसॉफ्टने 1999 साली इंटरनेट एक्सप्लोरर 5 मध्ये एक सोय दिली, एचटीसी नावाची, पण ती दुसऱ्या ब्राउझरमध्ये चालेना. मोझिलाची एक्सबीएल ही सोय मोझिलापुरती. 2006 साली जेक्वेरी आली. तिच्यामुळे कामं फार सोपी झाली, हे मान्यच. पण तिच्यावर बांधलेले तयार भाग तिच्याशिवाय उभे राहत नसत. नंतरच्या प्रत्येक नव्या साधनाची हीच रीत : भाग उत्तम, पण आमच्याच घरात चालणारे. फॉन्टवाल्यांची आठवण येते ना?

2011 साली अ‍ॅलेक्स रसेल यांनी एका परिषदेत ‘वेब कंपोनंट्स’ची कल्पना मांडली. तिचाच गाभा म्हणजे कस्टम एलिमेंट, आपण स्वतः घडवलेला टॅग. पहिला आराखडा क्रोमने 2014 साली चालवून पाहिला. तो बाकीच्यांना पटला नाही, मग सगळ्यांनी बसून दुसरा केला. हा दुसरा आराखडा क्रोममध्ये 2016 ला, सफारीत 2017 ला, फायरफॉक्समध्ये 2018 ला आला आणि एज जानेवारी 2020 मध्ये क्रोमच्याच पायावर गेल्यावर तिथेही. फायरफॉक्सने तर स्वतःच्या आतल्या एक्सबीएलच्या जागी हीच पद्धत बसवली.

ती चालते अशी. टॅगचं नाव आणि त्याची वागणूक ब्राउझरकडे एकदा नोंदवायची. हा झाला पंच. पुढे पानावर जितक्या वेळा ते नाव लिहाल तितके खिळे पडतील. नावात जोडरेघ हवीच, कारण ब्राउझरच्या स्वतःच्या टॅगांच्या नावात ती कधी ठेवणार नाही असं मानकाने वचन दिलं आहे. म्हणजे उद्या त्यांनी नवा टॅग काढला तरी आपल्याशी टक्कर नाही. टॅगच्या पोटातली रचना हवी असल्यास एका आडपडद्यामागे ठेवता येते. मग बाहेरच्या पानाचे नियम थेट आत घुसून आपल्या मांडणीची वाट लावत नाहीत. एक बारकावा मराठी माणसाने ऐकण्यासारखा : नावाचं पहिलं अक्षर लहान लिपीतलं रोमनच लागतं, पण त्यानंतर देवनागरी चालते. म्हणजे ‘एक्स’ हे एक अक्षर तेवढं रोमनमध्ये, मग जोडरेघ, मग चक्क ‘तारीख’, हे कायदेशीर नाव आहे. मी ते वापरतो. सोबत काम करणारी मल्याळी पोरं हसतात, पण आता त्यांनीही एक मल्याळम नाव ठेवलंय.

मंडळाच्या संकेतस्थळासाठी असे तीन टॅग झाले आहेत : रक्कम, तारीख आणि जुना लेख. पहिले दोन कुणीही उचलून आपल्या पानात घालावेत. काम आहे ते तिसऱ्यात. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, तर क्रमांकाला क्रमांक बदलून भागत नाही. ‘कि’ लिहिताना जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी आधी आणि ‘क’ मागून; युनिकोडमध्ये ‘क’ आधी. ‘सूर्य’ मधला रफार तिथे अक्षरानंतर, इथे अक्षराच्या आधी. आणि आपला खास मराठी ‘ऱ्या’, डोंगरातल्या ‘दऱ्या’ मधला! तो समुद्राच्या ‘दर्या’पासून वेगळा राहायला हवा. युनिकोडमध्ये तो मिळतो ‘ऱ’ या अक्षराचा पाय मोडून, आणि ते अक्षर मुळात द्राविडी भाषांतला एक ‘र’ देवनागरीत दाखवण्यासाठी ठेवलेलं. आपलं काम त्याच्यावर भागतं.

आतापर्यंत दोन अंक पूर्ण वाचता येतात, तिसरा अर्धा झालाय. चौथ्याचा फॉन्ट कोणता होता तेच कळेना; फाइलमध्ये त्याचं नाव आहे, पण फॉन्ट कुठे सापडत नाही. ज्यांच्याकडे त्या अंकाची छापील प्रत असेल त्यांनी ती दोन दिवस द्यावी. पानं समोर ठेवून कोणत्या क्रमांकाला कोणतं अक्षर ते एकेक करून लावता येईल. साधारण दोनशे चिन्हं आहेत, एका शुक्रवारचं काम.