आपल्या आधी इथे कोण राहत होतं?

समितीने स्मरणिकेसाठी ‘सोसायटीचा इतिहास’ लिहायला सांगितलं. आपला इतिहास 25 वर्षांचा, पण पायाखालच्या जमिनीचा खूप जुना. म्हणून आधी तिच्याविषयी.

मार्च 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागातल्या 95 गावांच्या जमिनीवर नवी मुंबई वसवायचं ठरलं. आपल्या नेरूळच्या बाजूला तेव्हा भातशेती, मिठागरं, खाजण आणि तिवरं होती. आगरी-कोळी मंडळी खाडीत बोई, निवट्या, चिंबोऱ्या धरत. भरती-ओहोटीवर माणसंही जगत आणि पक्षीही.

मग भराव पडला, सेक्टर उभे राहिले. शेतं गेली तशी बेडकांची, बगळ्यांची जागा गेली. तिवरांत अजून कोल्हे आहेत, पण त्यांच्या वाटेत आता रस्ते आलेत. वाढले ते कावळे आणि कबुतरं. त्यांना आपला कचरा आणि आपले सज्जे पुरतात. म्हणजे पक्ष्यांची संख्या घटलीच असं नाही, जाती मात्र घटल्या.

रोहित पक्ष्यांची, म्हणजे फ्लेमिंगोंची गोष्ट जरा उलटी आहे. 1990 च्या दशकापासून ते ठाणे खाडीत मोठ्या संख्येने येऊ लागले. शहराच्या सांडपाण्याने खाडीत शेवाळ माजलं, आणि लहान रोहितांचं तेच अन्न! पण हा पाहुणचार फार भरवशाचा नाही. घाण प्रमाणाबाहेर गेली की तीच विष होते.

2015 मध्ये खाडीचा सुमारे 1,690 हेक्टर भाग अभयारण्य झाला, 2022 मध्ये त्याला रामसर दर्जाही मिळाला. आपल्याकडची तळी मात्र त्या हद्दीबाहेर आहेत. ओहोटीला रोहित खाडीच्या चिखलात चरतात. भरतीत चिखल बुडाला की ते या तळ्यांवर येतात. तळी बुजली, किंवा त्यांत भरतीचं पाणी येण्याची वाट बंद झाली, तर त्यांनी जायचं कुठे? 2024 च्या उन्हाळ्यात इथे काही रोहित मेलेले सापडले, हे आपण विसरलेलो नाही.

तेव्हा तळ्यांसाठी सह्यांचा कागद दारी आला, तर ‘नंतर बघू’ म्हणू नका. खाडीकडचे गच्चीवरचे मोठे दिवेही रात्री बंद ठेवूया.

सुवर्णमहोत्सवी स्मरणिका आपली मुलं लिहितील. त्यांना ‘इथे रोहित यायचे’ असं न लिहिता ‘येतात’ असं लिहिता यावं, एवढीच इच्छा.