गोदीखालचे जंगल

१८७०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत प्रिन्सेस डॉकचे खोदकाम चालू होते. चिखलाच्या जाड थराखाली तिथे झाडे सापडली. एखाददुसरा वाहून आलेला ओंडका नव्हे, तर शेकडो बुंधे, त्यातले कितीतरी उभे, मुळे जमिनीत रोवलेली. लाकूड खैराचे निघाले. खैर खाऱ्या पाण्यात वाढत नाही. म्हणजे बंदराच्या जागी कधीकाळी कोरडी जमीन होती आणि ती पाण्याखाली गेली होती. मुंबईत जमीन आणि पाण्याची अदलाबदल माणसाच्या आधीपासून चालू आहे. माणसाने तिला वेग दिला आणि सातबाराही.

मुंबईचा पश्चिम किनारा उघड्या समुद्राला तोंड देतो. पावसाळी लाटा त्या बाजूला फुटतात आणि पूर्वेला, बेटे व उरण-घारापुरीच्या मधले पाणी त्या मानाने शांत राहते. म्हणून व्यापार पूर्वेला वाढला. पण हा किनारा उथळ आणि चिखलाचा, शिवाय उधाणाच्या भरती-ओहोटीत सुमारे पाच मीटरचा फरक. मोठी जहाजे दूर नांगर टाकत आणि माल पडावांतून धक्क्यावर येई. बोरीबंदर, चिंचबंदर, वाडीबंदर, मस्जिद बंदर ही नावे त्या काळची. आज यातल्या एकाही ठिकाणी उभे राहून पाणी दिसत नाही.

१८५८ साली स्थापन झालेल्या एल्फिन्स्टन कंपनीने या किनाऱ्यावर भराव घालायला घेतला. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव चढले आणि भरावाच्या शेअरवर सट्टा रंगला. १८६५मध्ये युद्ध संपले, फुगा फुटला. कंपनीची मालमत्ता पुढे सरकारने विकत घेतली आणि १८७३ साली पोर्ट ट्रस्ट आला. ससून डॉक १८७५मध्ये खासगी पैशातून झाला, त्यानंतर ट्रस्टने प्रिन्सेस (१८८०), व्हिक्टोरिया (१८८८) आणि अलेक्झांड्रा (१९१४) या गोद्या बांधल्या. गोदीला दरवाजे असतात. भरतीचे पाणी आत कोंडून ठेवले की ओहोटीतही जहाज तरंगत राहते. अलेक्झांड्राच्या खोदकामातल्या मातीवर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. एकीकडचा खड्डा, दुसरीकडचे कचेऱ्यांचे दगडी रस्ते.

१४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात होता. शेकडो माणसे मेली, त्यात अग्निशमन दलाचे जवानही होते. देशभर हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

गोद्या पुन्हा बांधल्या गेल्या, पण पुढे कंटेनर आले. त्यांना खोल पाणी आणि मोकळे आवार लागते, शहरात कोंडलेल्या गोदीत ते कुठून मिळणार? समोरच्या काठावर न्हावा-शेवा बंदर १९८९मध्ये सुरू झाले. त्याआधी, जानेवारी १९८४मध्ये, नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाविरुद्ध उरण-पनवेलचे शेतकरी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. बंदरासाठी शेवा कोळीवाडाही उठवला गेला. त्या कोळ्यांना हनुमान कोळीवाड्यात घरे मिळाली आणि त्या घरांना वाळवी लागली. पिढ्यानपिढ्या पाण्यावर जगलेल्या माणसांना जमीन दिली, तीही पोखरलेली.

मुंबईच्या बाजूला अलीकडे प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोद्या भराव घालून बुजवल्या. ज्या खड्ड्यात खैराचे जंगल सापडले, तो खड्डाच आता जमीन झाला आहे. पूर्व किनाऱ्यावरची पोर्ट ट्रस्टची जागा शेकडो एकरांत मोजावी लागते आणि तिथे काय बांधायचे याचे आराखडे निघत असतात. ही जमीन बंदराच्या नावाने समुद्राकडून घेतली होती. बंदर नको झाले, तर ती कोणाची? भराव घालणाऱ्यांनी हा प्रश्न कधी विचारला नाही, कारण उत्तर त्यांच्याच कागदांवर लिहिलेले होते. कोळ्यांनी तो विचारला, पण पाण्याचा सातबारा कोणाकडेच नसतो.