काळ्या बोटांची मंडळी

फोटोग्राफीच्या इतिहासाबद्दल बोला, असं कुणी म्हटलं की बोलणारा कॅमेऱ्यापासून सुरुवात करतो. मी आज बाटल्यांपासून करणार आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुंबईत ज्याला फोटो काढायची हौस होती, त्याला आधी स्वतःच्या हातानं रसायनं तयार करावी लागत. तयार फिल्म नव्हतीच. कृती जरा चुकली की काच कोरी, नाही तर काळीठिक्कर. आणि कृती सांगणार कोण? विलायती पुस्तकांत ती असे, पण ती लंडनच्या थंडीत पारखलेली.

ही अडचण ज्यांची होती, ती माणसं ऑक्टोबर १८५४ मध्ये एकत्र आली आणि मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. लंडनची अशी संस्था १८५३ ची, म्हणजे आपण फार मागे नव्हतो. कॅप्टन हॅरी बार हे पहिले अध्यक्ष. सभासदांत लष्करी अधिकारी होते, डॉक्टर होते, सरकारी नोकर होते. १८५५ मध्ये संस्थेचं नियतकालिकही निघालं. चित्रं मांडायची, एकमेकांची पाहायची, आणि जमलं ते कसं जमलं हेही सांगायचं, यासाठी ही सारी खटपट.

सांगण्यासारखं होतंही पुष्कळ. ओल्या कोलोडियनची रीत तेव्हा नवी होती. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ती १८५१ मध्ये जाहीर केली आणि तिचं पेटंट घेतलं नाही, हे विसरू नये. ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला गनकॉटन, त्यात आयोडाइड, असं ते दाट द्रावण काचेवर ओतायचं. घावनाचं पीठ तव्यावर फिरवावं तशी काच चारी कोपऱ्यांकडे कलती करायची आणि उरलेलं एका कोपऱ्यातून पुन्हा बाटलीत घ्यायचं. मग ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच डेव्हलप करायची. वाळली की गेली. नायट्रेटनं बोटं काळी पडत, ती काही दिवस तशीच राहत. या हौसेची ती खूणच म्हणा ना!

आता मे महिन्यातली मुंबई डोळ्यांसमोर आणा. ईथर बघता बघता उडून जातो. मग ईथर कमी करून अल्कोहोल वाढवा, काचेमागे ओला टिपकागद ठेवा, उन्हं चढायच्या आत काम उरका, अशा युक्त्या करायच्या. लांब प्रवासाला निघणारे काचेच्या भानगडीत न पडता कागदी निगेटिव्ह पसंत करत. मेणकागद आधी तयार करून काही दिवस ठेवता येई. पण त्याला उजेड मिनिटामिनिटांनी द्यावा लागे. त्या काळच्या चित्रांतले रस्ते ओसाड दिसतात ते त्यामुळेच. माणसं होती, ती थांबली नाहीत, इतकंच. सोसायटीच्या पहिल्या सभासदांपैकी थॉमस बिग्ज यांनी १८५५ मध्ये विजापूर, बदामी, ऐहोळे इथली देवळं-इमारती टिपल्या त्या अशाच कागदावर.

मी स्वतः न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड लावून फिल्म धुणाऱ्या पिढीतला. आमच्या ओळखीचे एक स्टुडिओवाले डेव्हलपर कालवताना दार आतून लावून घेत. त्यांचं पोट त्यावर होतं, मी त्यांना दोष देत नाही. हौशी माणसाला मात्र आपली युक्ती सांगितल्याखेरीज चैन पडत नाही. मुंबईत ही विद्या इतक्या लवकर रुजली, त्याचं बरंचसं श्रेय माझ्या मते या बोलघेवडेपणाला आहे.

याच मंडळीत डॉ. नारायण दाजी होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे हे धाकटे बंधू, घराणं मूळचं गोव्यातल्या पेडणे भागातलं. ग्रँट मेडिकल कॉलेजातून ते १८५२ मध्ये बाहेर पडले. भाऊंच्या नावाचं संग्रहालय भायखळ्याला उभं आहे. नारायणरावांचं नाव मात्र फोटोग्राफीच्या अभ्यासकांपलीकडे फारसं कुणी घेत नाही. सोसायटीचे ते साधे सभासद नव्हते, तर १८५७ च्या सुमारास कार्यकारी मंडळावर होते.

साल लक्षात घ्या. कोलकात्याला १८५६ मध्ये अशीच संस्था निघाली. तिचे एक पदाधिकारी होते थोर विद्वान राजेंद्रलाल मित्र. १८५७ मध्ये त्यांनी एका जाहीर सभेत गोऱ्या नीळवाल्यांवर टीका केली आणि संस्थेनं त्यांना काढून टाकलं. मुंबईचे साहेब मनानं अधिक मोठे होते, असं मी म्हणणार नाही. औषधांची पारख असलेला डॉक्टर अशा मंडळीला हवाच असणार. पण एक मराठी माणूस त्या मंडळात बरोबरीनं बसला, हे खरं.

विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम’ हे मासिक चालवलं. एकूण २४ अंक, प्रत्येकात तीन फोटो. फोटो छापायची सोय नव्हती, तेव्हा खऱ्या प्रती अंकात चिकटवलेल्या असत. नारायण दाजींची चित्रंही त्यात आली. पुढे जॉन्सन यांनी मुंबईतल्या नाना जातीजमातींच्या लोकांवर दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ मध्ये. आल्बममधली पुष्कळ चित्रं त्यात पुन्हा वापरली. माणसांच्या आकृती मूळ फोटोतून उचलून दुसऱ्याच देखाव्यापुढे बसवल्या, खाली जातीचं नाव घातलं. पुस्तकावर नाव एकट्या जॉन्सन यांचं. त्यातलं कुठलं चित्र मुळात कुणाच्या कॅमेऱ्यातलं, हे ठरवायला आता आल्बमचे जुने अंक शेजारी घेऊन बसावं लागतं.